मराठवाड्याला ऐंशी खाटा हव्यात

रमजानमध्ये पहाटे चारच्या सुमारास मोहल्ल्यातल्या घरांचे दिवे एकेक करून लागू लागतात. भांड्यांचा आवाज येतो, कुणाच्या तरी तव्यावर पराठा पडतो, शेजारचा पोरगा डोळे चोळत सहेरीला उठतो. पण एखादं घर असं असतं, की तिथला दिवा रात्रभर विझलेलाच नसतो. सहेरीसाठी तिथं कुणाला उठवावं लागत नाही, कारण कुणी झोपलेलंच नसतं. आत पलंगावर घरातले वडील आहेत. तोंडाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो झाली आणि आजार पुन्हा उलटला. गालाची जखम आता बाहेरून दिसते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आता घरी घेऊन जा, सेवा करा.’

असं घर परभणीत आहे, बीडमध्ये आहे, हिंगोलीत आहे. ते फक्त मोहल्ल्यात आहे असंही नाही. दोन गल्ल्या पलीकडे एखाद्या वाड्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानं आजी कण्हत असतात आणि सून देवघराशेजारी उशाला बसून असते. भीमनगरातल्या पत्र्याच्या खोलीत किडनी निकामी झालेला, डायलिसिसचा खर्च न झेपलेला कर्ता माणूस धाप लागून उठून बसतो. तिन्ही घरांना डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची गोष्ट एकच असते : सेवा करा.

सेवा करायला कुणाची ना नाही. प्रश्न असतो तो सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हा. दुखणं थांबेना तर कोणती गोळी द्यायची, किती आणि दर किती तासांनी? जखमेला वास सुटला तर काय लावायचं? तोंडातून पाणीही उतरेना तर औषध कसं द्यायचं? रात्री दोन वाजता जखमेतून रक्त वाहू लागलं तर कुणाला फोन करायचा? याची उत्तरं त्या मुलाजवळ नसतात. बहुतेक वेळा गल्लीतल्या डॉक्टरांजवळही नसतात. ही उत्तरं देणारी एक वैद्यकशाखा आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक सेवा. आजार बरा होणार नसला, तरी वेदना, धाप, उलटी, जखम आणि भीती यांच्यावर इलाज असतो, हे या शाखेचं मूळ सूत्र. ‘पॅलियम’ म्हणजे लॅटिन भाषेत अंगावर घ्यायचा झगा, पांघरूण. शब्द तिथून आला आहे.

हे पांघरूण किती जणांच्या अंगावर पडतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते. भारतापुरते जाणकारांचे अंदाज शंभरात दोन ते चार असे आहेत. ही सेवा म्हणजे फक्त कर्करोग, हा समजही खरा नाही. गरज असलेल्या प्रौढांमध्ये कर्करोगाचे रुग्ण शंभरात ३४ आहेत. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचे त्याहून जास्त, ३८ च्या पुढे. त्याखेरीज फुप्फुसाचे जुनाट आजार, एचआयव्ही, मधुमेहाची गुंतागुंत. म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या जवळपास प्रत्येक घराच्या दारात येणार आहे.

या सेवेचा मोठा भाग घरीच द्यायचा असतो आणि तसाच द्यायला हवा. माणसाला शेवटचे दिवस आपल्या माणसांत, आपल्या अंथरुणावर काढायचे असतात. परिचारिका आठवड्यातून एकदा-दोनदा घरी आली, औषधं दिली, जखम कशी धुवायची ते सुनेला दाखवून गेली, तर बहुतेक रुग्णांचं भागतं. पण ‘बहुतेक’मध्ये सगळे येत नाहीत. काहींची वेदना अशी असते, की औषधाची मात्रा जुळवायला चार-सहा दिवस सतत लक्ष ठेवावं लागतं. काहींना आतड्यात अडथळा येऊन उलट्या थांबत नाहीत. काहींच्या पाठीच्या कण्यावर गाठीचा दाब येऊन पाय लुळे पडतात. काहींच्या जखमेत अळ्या होतात. काहींना भ्रम होतो, रात्रभर ओरडतात, घरच्यांना ओळखत नाहीत. काहींचं घर म्हणजे एकच खोली असते आणि त्याच खोलीत दहावीची परीक्षा देणारी मुलगी आणि तान्हं बाळ असतं. अशांना काही दिवसांसाठी का होईना, खाट लागते. साधी नव्हे, हे काम येणाऱ्या माणसांच्या देखरेखीखालची खाट.

अशा खाटा महाराष्ट्रात आहेत. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, याच राज्यात उभं राहिलं. १९८६ मध्ये कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सुरू केलं. तिथं ख्रिस्ती भगिनी सर्व धर्मांच्या रुग्णांची शुश्रूषा करतात, पैसे घेतले जात नाहीत. पुढे गोव्यात लोटली इथं आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून आहे. ५० खाटा, उपचार मोफत. रुग्णासोबत घरच्या एका माणसाला तिथं ठेवून घेतात आणि त्याला शुश्रूषा शिकवतात. दहा-पंधरा दिवसांत वेदना आटोक्यात आली की रुग्ण घरी जातो, शिकलेला माणूस सोबत घेऊन. नागपूरला स्नेहांचल आहे. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, पदव्युत्तर शिक्षण आहे.

आता नकाशावर बोट मराठवाड्याकडे सरकवावं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. आठ जिल्हे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेदोन कोटींहून जास्त, सुमारे १ कोटी ८७ लाख. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय कित्येक वर्षांपासून ग्रामीण रुग्णांवर उपचार करतं आहे. उपचारांची सोय या भागात पूर्वीपेक्षा निश्चित वाढली. पण उपचार संपले, आता रुग्णाला कुठे न्यायचं, असं परभणीच्या बसस्टँडवर दहा जणांना विचारलं, तर एकाच्याही ओठांवर जवळचं नाव पटकन येत नाही. येतात ती पुणे आणि मुंबई हीच.

परभणीहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास. ज्या माणसाला कूस बदलतानाही ओरडायला होतं, त्यानं हा प्रवास कसा करायचा? तरी लोक करतात. परळच्या फुटपाथवर मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची कुटुंबं बिछाना टाकून असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत म्हणून अनेकांचं निभावतं. उपचार मिळून माणूस जगणार असेल, तर हा त्रास सोसण्याला अर्थ आहे. पण वेदना थांबवण्याची एक गोळी आणि एक खाट यांसाठी जाणाऱ्या माणसाला पाचशे किलोमीटर हिंडवणं याला व्यवस्था म्हणता येत नाही.

त्या गोळीची गोष्टही सांगायला हवी. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुनं, खात्रीचं आणि स्वस्त औषध आहे. ते अफूपासून बनतं. अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं होते. भारतानं वर्षानुवर्षं जगाला औषधी अफू पुरवली. मात्र १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यातल्या शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. डॉक्टरांची एक पिढी हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली. २०१४ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. आता चार-पाच परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकानं मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था मॉर्फिन ठेवू शकते, रुग्णाला देऊ शकते. अट एवढीच, की त्या संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर हवा आणि नोंदी नीट ठेवायला हव्यात. जिल्हा रुग्णालयाला हे अशक्य आहे का?

रमजानमध्ये या औषधाभोवती आणखी एक गुंता असतो. साधी मॉर्फिनची गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी घ्यायची असते. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखू नये म्हणून. रोजा धरायचा हट्ट असलेले आजारी बुजुर्ग सहेरीला एक गोळी घेतात आणि मग थेट मगरिबपर्यंत दात-ओठ खात पडून राहतात. आजारी माणसाला रोजाची सवलत आहे आणि बरं होण्याची आशा उरली नसेल, तर रोजाच्या बदल्यात गरजूला जेवण द्यावं, म्हणजे फिदिया, हे मोहल्ल्यातले कुठलेही इमामसाहेब सांगतील. पण आयुष्यात कधी रोजा न सोडलेल्या माणसाला ते पटवायला कुणीतरी त्याच्याजवळ बसावं लागतं. दुसरी शंका याहून खोल असते : ही तर नशेची गोळी, हराम तर नाही? गरजेपोटी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतलेलं औषध नशेत मोडत नाही, हेच बहुतेक उलेमा सांगत आले आहेत. तिसरी भीती असते ती शुद्ध हरपण्याची, शेवटच्या क्षणी ओठांवर कलमा येणार नाही याची. शेजारच्या वाड्यातल्या आजींनाही तीच भीती असते, शेवटी मुखात नाम येईल ना, तुळशीपत्र आणि गंगाजल घेता येईल ना, म्हणून. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन शुद्ध नेत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते, पुढे माणूस सावरतो, बोलतो, नातवाला ओळखतो. नाम काय किंवा कलमा काय, तो सुचू देत नाही ती वेदना.

आधुनिक हॉस्पिस चळवळीची सुरुवात करणाऱ्या डॉ. सिसली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. त्यांनी याला सर्वांगीण वेदना म्हटलं होतं. शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा या सगळ्यांना एकाच वेळी होणारी वेदना. म्हणूनच हे काम जवळून व्हावं लागतं. रुग्णाची भाषा, बोली, देव आणि दुआ ओळखणाऱ्या परिचारिकेनं ते करावं लागतं. परभणीच्या रुग्णाशी दखनी उर्दूत आणि मराठवाडी बोलीत बोलणारी माणसं परभणीतच सापडतात.

इथं काही जण केरळचं उदाहरण देतील आणि म्हणतील, की खाटांपेक्षा घरपोच सेवा वाढवा. उदाहरण योग्य आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. २००१ पासून शेजाऱ्यांच्या जाळ्याची कल्पना रुजली : गावातलेच स्वयंसेवक शिकून तयार होतात, आठवड्याचे काही तास देतात, रुग्णांची नोंद ठेवतात. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात दुकानदार, रिक्षावाले, शाळेतली मुलं, मशिदी-मंदिरं-चर्च यांच्या छोट्या-छोट्या वर्गणीवर ही केंद्रं चालली. २००८ मध्ये केरळनं या सेवेचं धोरण केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. पण घरी जाणाऱ्या त्या परिचारिकेच्या पाठीशीही खाट असलेलं रुग्णालय असतं, हे विसरून चालणार नाही. घरी आटोक्यात येत नाही असं तिला दिसलं, की रुग्णाला कुठे पाठवायचं हे ठाऊक असतं. पाठीशी खाट नसेल, तर घरपोच सेवा पहिल्याच अवघड रात्री हात टेकते.

दुसरा आक्षेप घरातून येतो. म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात टाकलं, असं लोक म्हणतील. उर्दूत रुग्णाची काळजी वाहणाऱ्याला तीमारदार म्हणतात. आपल्याकडे ही तीमारदार बहुतेक घरांत सून किंवा मुलगी असते. रमजानमध्ये ती रोजा धरून स्वयंपाक करते, इफ्तारी बनवते, रात्री सासऱ्यांची जखम धुते, पहाटे पुन्हा उठते. तिच्या पाठीला आणि झोपेलाही हद्द आहे. रुग्णाला आठ दिवस खाटेवर ठेवून तिला विसावा देणं हासुद्धा या शाखेत मान्य असलेला उपचार आहे. टाकणं आणि सोपवणं यात फरक आहे. पुण्याच्या केंद्रातून शुश्रूषा शिकून परतलेलं कुटुंब तर पहिल्यापेक्षा जास्त आत्मविश्वासानं सेवा करू शकतं.

तिसरा आक्षेप पैशांचा. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं दर दहा लाख लोकसंख्येमागे अशा ८० ते १०० खाटांची शिफारस केलेली आहे. त्या मापानं मराठवाड्याला दीड हजार खाटा लागतील. इतक्या कुणी मागत नाही. मागणं एवढंच असावं : प्रत्येक जिल्ह्यात दहा. आठ जिल्ह्यांत मिळून ऐंशी. त्यासाठी नवी इमारत नको, भूमिपूजन नको. जिल्हा रुग्णालयाचा किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा एक वॉर्ड पुरेल. या विभागाला व्हेंटिलेटर लागत नाही, महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतात ती प्रशिक्षित माणसं, मॉर्फिन आणि इतर काही साधी औषधं, ड्रेसिंगचं सामान, एअर बेड. जखमेचा वास घालवायला मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून लावतात. ती कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. धाप लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोर छोटा पंखा धरला, तरी त्याला बरं वाटतं.

धोरणही नव्यानं लिहायला नको. महाराष्ट्रानं पॅलिएटिव्ह केअरचं धोरण २०१२ मध्येच केलं, केरळच्या पाठोपाठ. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात या सेवेसाठी डॉक्टर, परिचारिका आणि खाटा यांचा विचार आहे. आयुष्मान भारतच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांतून द्यायच्या बारा सेवांच्या यादीतही वृद्ध आणि उपशामक सेवा आहे. कागद तयार आहेत. तो कागद आपल्या जिल्ह्यात कुठवर आला, हे विचारणारं कुणी नाही, कारण ज्यांना ही सेवा लागते ते काही आठवड्यांत जातात आणि त्यांच्या घरचे दुःखात आणि कर्जात बुडालेले असतात. मोर्चा काढायला कुणी मागे उरत नाही. म्हणून हे विचारण्याचं काम ज्यांच्या घरात आज असा रुग्ण नाही, त्यांचं आहे.

विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. आपल्या जिल्हा रुग्णालयाला मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का? असेल, तर आज कपाटात साठा आहे का? या विषयाचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणि परिचारिका किती, आणि त्यांची बदली झाली तर पुढे कोण? अशा रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या खाटा किती? कर्करोग रुग्णालय ‘घरी घेऊन जा’ म्हणतं, तेव्हा त्या कागदावर रुग्णाच्या स्वतःच्या जिल्ह्यातला एखादा फोन नंबर असतो का? हे प्रश्न जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारता येतात, रुग्ण कल्याण समितीत मांडता येतात, जिल्हा नियोजन समितीवरच्या आपल्या लोकप्रतिनिधीच्या हातात लेखी देता येतात.

खाटा सरकारनं द्यायच्या. पण त्यांच्या भोवतालचं बरंच काही गावाला करता येईल. रमजान हा जकातीचा महिना आहे. जकात गरजू व्यक्तीच्या हातात पडायला हवी, असा हनफी परंपरेचा दंडक आहे. त्यामुळे ती भिंतींना लागत नसली, तरी गरीब रुग्णाच्या औषधांना आणि त्याच्यासोबत राहणाऱ्याच्या भाड्या-जेवणाला लागू शकते. तो रुग्ण मुसलमान नसेल, तर त्यासाठी सदका आहे. गणेश मंडळांकडे वर्गणी आहे, रोटरीकडे अनुभव आहे, महाविद्यालयांकडे एनएसएसची मुलं आहेत. आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसायला, त्याला पेपर वाचून दाखवायला, फोन लावून द्यायला कुठलीही पदवी लागत नाही. आजाऱ्याची विचारपूस करायला जाणं, ज्याला अयादत म्हणतात, हे मुसलमानांत मोठं पुण्य मानलं जातं. समाचाराला जाण्याची रीत हिंदू घरांतही तितकीच जुनी आहे. दोन्हीकडे माणसं येतात, फळांची पिशवी ठेवतात, ‘सब्र करा’, ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणतात आणि उठतात. पुढच्या वेळी तसं उठताना त्या घराला एवढंच विचारावं : रात्री दुखायला लागलं तर तुमच्याकडे औषध आहे का, आणि न्यायला जागा आहे का?

आज त्या घरातून बहुधा ‘नाही’ असंच उत्तर येईल. ते ऐकून घ्यावं, कागदावर लिहावं आणि ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी जिल्हा रुग्णालयात घेऊन जावं. दहा खाटांची मागणी तिथून सुरू होईल.